पहिल्या ओळीतलं नाव

पाटणकर सर,

माझ्या पुरस्काराच्या भाषणातून माझ्या बाबांचं नाव काहून कापलं? पोटात सावकाश विरघळणाऱ्या औषधाची कल्पना मला तुमच्या प्रयोगशाळेत नाही सुचली. बाबा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये बारूद भरायचे. म्हणायचे, “जेवढी घट्ट दाबली, तेवढी हळू जळते.” मी औषधाची भुकटी तशीच दाबून पाहिली.

“मजुराचं नाव विज्ञानाच्या मंचावर शोभत नाही,” म्हणालात. अच्छा! हे पत्र पाठवत नाही, नाहीतर तुम्ही यावरही लाल पेन चालवाल. उद्या मंचावर माझं पहिलंच वाक्य बळीराम ठवकर या नावानं सुरू होईल. बाबा समोरच बसतील. त्यांना आता ऐकू कमी येते, म्हणून जोरानं वाचीन.

तुमची विद्यार्थिनी, पण त्यांची आधी,
लतिका बळीराम ठवकर