उघाडीच्या शेताची व्यवस्था

मी, कुमारी कमळ केसरीनाथ मढवी, वय ६८, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार कशेळी, तालुका भिवंडी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नसल्याचे माझा पुतण्या मनोज गावभर सांगतो.

१. राहते घर व बँकेतील ठेव मनोजची बहीण उन्नती हिला.

२. माझ्या एकटीच्या नावावरचे खाडीकाठचे शेतही उन्नतीलाच. त्याच्या बांधात उघाडी आहे. ओहोटीला तिची फळी उचलली की गावचे पाणी खाडीत जाते. भरतीला टाकली की खारे पाणी आत येत नाही. पूर्वी घरटी एक माणूस पाळीने फळीवर जाई. बांध फुटला की सारे गाव टोपल्या घेऊन धावे. कॉन्व्हेंटचा गणवेश खोचून मीही चिखल वाहिला आहे. आता त्याच घरांतली मुले शेठ झाली. खाचरांवर भराव, भरावावर गोदामे, पुढे ट्रकांची रांग आणि चाकांआड मुतणारे ड्रायव्हर. याला विकास म्हणतात. मला किळस येते.

३. गेल्या जुलैत मनोजच्याच भरावाने अडलेले पाणी त्याच्या बंगल्यात शिरले. ओसरले ते माझ्या उघाडीतून. तरी आठवड्याभरात तो साडी आणि बक्षीसपत्राचा कागद घेऊन आला. लेकी-बहिणींना साडी देऊन सही घ्यायची, ही आमच्याकडची नवी रीत.

"आत्या, सही कर ना. तुला कशाला पायजे ती खारी जमीन?"

"आणि गावचं पाणी कुठून जाईल रे?"

"पाईप टाकतो ना. तू टेन्शन नको घेऊ."

"शाळेत तीनदा नापास झालास, तेव्हाही तू टेन्शन घेतलं नव्हतंस."

साडी परत केली. रंगही भडक होता.

४. उन्नती, बापाच्या जमिनीवरचा हक्क तुझ्याकडून भर हळदीत सोडवून घेतला. अंगठ्याची हळदसुद्धा पुसू दिली नाही. या शेतावर तसे करशील तर माझे श्राद्ध घालू नकोस. भराव नाही, विक्री नाही, भाडेपट्टा नाही. फळी रोज उचलायची. जमले नाही तर माणूस ठेव.

५. मनोजला काही नाही. त्याने पुष्कळ घेतले आहे.

६. साक्षीला गावातले कोणी शेठ तयार होईना. मनोजची बायको निशा मागच्या दाराने आली. म्हणाली, "पुढच्या पावसात पोरांना घेऊन मी माळ्यावर नाय बसनार. कुठं करू सही?"

स्थळ: कशेळी. दिनांक: ४ मे २००६.

सही: कमळ केसरीनाथ मढवी

साक्षीदार:
सावळाराम हिरामण भोईर, निवृत्त पोस्टमन
सौ. निशा मनोज मढवी