फळांची बियर आणि प्लायवुडची भिंत

सोमवार, ३ मार्च
घटस्फोटाला आज तीन महिने. मी पूर्ण सावरलोय. विषय संपला.

दुपारी १२. कंपनीत फळांच्या चवीची इंग्लिश एल आलीय. एल म्हणजे बियरच. चाखून गुण देणारे आम्ही दोघंच: मी आणि माजी बायको. मध्ये प्लायवुडची भिंत. कागद वेगळे, निकाल साहेब वाचतात. गुणांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर दोघांनी एका टेबलाशी बसून पुन्हा चाखायचं. नियम उत्तम आहे. माझ्या मनात काही नाही.

मंगळवार, ४ मार्च
स्ट्रॉबेरी. झकास! दहापैकी दोन दिले. ती बहुतेक आठ देईल. मग समोरासमोर. नवा शर्ट घातला होता. 'कशी आहेस' हे आरशासमोर अकरा वेळा म्हणून पाहिलं.
तिचेही दोनच. शर्ट फुकट.

बुधवार, ५ मार्च
चेरी. यापेक्षा खोकल्याचं औषध परवडलं. दहापैकी दहा ठोकले. आता कुठे जाते!
तिचेही दहा.

बुधवार, संध्याकाळी
यालाच मनं जुळणं म्हणतात. आता तर लेखी पुरावा आहे. बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, दादा, जेवलास का?

शुक्रवार, ७ मार्च
जर्दाळू. काही सुचेना. साडेतीन. तिचेही साडेतीन!! आता थेट बोलायचं. आज नको, शुक्रवारी सगळ्यांना घाई असते. सोमवारी नक्की.

सोमवार, १० मार्च
ती दुसऱ्या शाखेत गेली. बदली तिनेच मागितली होती. साहेबांना सांगून गेली की आठवडाभर तिने एकही बाटली चाखली नाही. माझ्यासोबत टेबलाशी बसायला लागू नये, म्हणून माझा आकडा ओळखून तोच लिहीत होती. म्हणाली, तेरा वर्षं संसार केलाय. रुसला की दोन, लाडात आला की दहा, गोंधळला की साडेतीन.

साहेब म्हणाले, आजच्या रासबेरीला तिचा रकाना रिकामा आहे, तुम्हीच अंदाजाने भरा, नवरा होतात ना.

सात लिहिले. खोडले. चार लिहिले. खोडले. तिला आंबट आवडतं की गोड, तेच मला आठवेना. आठवेल कुठून, कधी विचारलंच नव्हतं. तिथेच रडू कोसळलं.

साहेब म्हणाले, चढली वाटतं तुम्हाला. घरी जा.