मधे उरलेली जागा

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही मुलांनी मला एकमेकांच्या घरी ठेवलं आहे, हे आज जेवताना कळलं. बोलायला कुणी नाही, म्हणून लिहिते.

सुरतेतला, उधन्याचा हा फ्लॅट विकायचा ठरला तेव्हा मीच हो म्हटलं — तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेले. येणाऱ्या पैशावर दोघं भाड्याची घरं सोडणार; विकास भेस्तानला घर घेतोय, प्रवीण त्याच्या पुढच्या सचिन गावात. मी वाढत होते. विकास म्हणाला, "प्रवीण, आईला पश्चिमेची खोली नको देऊस. ऊन तापतं."

प्रवीणचा घास हातातच. "आईची खोली? ती तर तुझ्याकडे ना?"

"मला वाटलं, तुझं ठरलंय."

"मलाही तेच वाटलं."

ज्योती — प्रवीणची बायको — ताटात बघत म्हणाली, "आम्ही तर वन बीएचके बुक केलं, दादा. आई तुमच्याकडे धरूनच."

मी विचारलं, "कढी कुणाला?" दोघांनी वाट्या पुढे केल्या.

१८ फेब्रुवारी

गायत्री आली. विकासची मुलगी, एम.एस्सी.ला आहे. कॉलेजात सेमिनार, त्याची माझ्यापुढे तालीम. रविवारचं तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

"आजी, सुरुवातीला विश्व एकदम गरम. सगळ्या दिशा सारख्या. ही सममिती म्हणजे —"

"सममिती मला कळते. जळगावला एम.एस्सी. केलं तेव्हा तुझा बाप जन्मला नव्हता. पुढे बोल."

"बरं बाई. मग थंड पडताना ती मोडते. प्रत्येक भागाला कुठलीतरी एक दिशा निवडावीच लागते. पण भाग इतके लांब, की एकाचा प्रकाशसुद्धा दुसऱ्यापर्यंत पोचलेला नाही. जो तो आपापलं ठरवतो. वाढत वाढत ते भेटतात आणि जुळत नाहीत. मधे जी जागा उरते ती ना इकडची, ना तिकडची. तिथे ते जुनं गरम विश्व तसंच अडकून राहतं. त्याला डिफेक्ट म्हणतात."

"दोष."

"दोष कसला, आजी? चूक कुणाचीच नसते."

"मराठीत तोच शब्द आहे. तोच वापर. ओढूनताणून सपाट होतो का?"

"ना. ओढलं की फक्त सरकतो."

विश्वाचं ठीक आहे. प्रकाश पोचला नव्हता. भेस्तानहून सचिनला रिक्षा जाते. दोघांच्या खिशात फोन.

२० फेब्रुवारी

विकासचा फोन. तोडगा निघाला — पंधरा दिवस त्याच्याकडे, पंधरा प्रवीणकडे. "तुलाही चेंज, आई."

सरकवताहेत.

२१ फेब्रुवारी

गायत्रीचा सेमिनार झाला. सरांनी विचारलं, असा एक तरी दोष प्रत्यक्ष सापडला आहे का? ती म्हणाली, अजून नाही, आकाशात शोध चालू आहे. गुण चांगले मिळतील असं दिसतं.

आकाशात!

२२ फेब्रुवारी

दलाल विक्रीचे कागद ठेवून गेला. "माजी, सोमवारे सही करी आपो, पछी आराम." सोमवारी सही दिली की मग आराम, म्हणे. सहीच्या जागी पेन्सिलने फुली. नाव माझं एकटीचं. ह्यांनी जाताना तेवढं नीट केलं होतं.

आठवडाभर दोघांचे फोन चालले आहेत. तुला कुठे राहायचंय, एवढं विचारायचं राहिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विकास म्हणाला, "मग आमच्या घरांचं काय, आई?" म्हटलं, भेटा आणि ठरवा. या वेळी एकमेकांना विचारून.

सोपवलं ते असं —

दलालाला त्याचे कागद, सहीशिवाय.

विकासला माळ्यावरची त्याची सगळी खोकी.

प्रवीणला दिवाणाखालचं सामान, आणि ज्योतीचा मिक्सर.

या घराच्या किल्ल्या दोघांकडून परत घेतल्या. त्यातली एक गायत्रीला दिली. राहायला यायचं तर बापाला सांगून ये, असं बजावून.