केसाएवढी चीर

३ फेब्रुवारी

आलो एकदाचा! दोन ट्रंका, एक छत्री आणि जुन्या क्रमिक पुस्तकांचा गठ्ठा, एवढा माझा संसार. लेकीने दारातच विचारलं, बाबा, डाव्या पायात काळी चप्पल आणि उजव्या पायात तपकिरी, ही नवी फॅशन का? मी म्हटलं, प्रवासात दोघींची मैत्री जमली, मी कोण मोडणार? जावयांनी हसू दाबत ट्रंका वर नेल्या. माणूस अबोल, पण ट्रंक अशी ठेवली की आत झोपलेलं कुणी जागं होऊ नये.

वरची खोली माझी. खिडकीतून कपबश्यांच्या कारखान्याचं धुराडं दिसतं आणि त्याच्यामागे बोटभर टेकडी. नात सहा वर्षांची. गालात काही ना काही कोंबलेलं असतं म्हणून तिला खारू म्हणतात. तिला मी चौथीच्या पुस्तकातली माझी लाडकी ओळ म्हणून दाखवली:

तळ्यामध्ये डोंगर धुतो पाय,
ढगाची टोपी भिजते काय?

छत्तीस वर्षं मी वर्गात ही ओळ म्हटली आणि प्रत्येक वेळी मला तळं दिसलं. खारूने विचारलं, डोंगराला साबण कोण देतं? पोर माझीच आहे, शंका नाही.

७ फेब्रुवारी

कारखान्यात तपासनीस हवा आहे, अशी पाटी फाटकावर दिसली आणि मी आत शिरलो. लेक रागावली. या वयात नोकरी? आणि तीही तपासायची? कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस तुम्ही! मी म्हटलं, बाई गं, एकाहत्तराव्या वर्षी खिडकीशी बसून धुराडं मोजायचं नाही मला. मुकादम मात्र खूश. म्हणाला, गुरुजी, म्हातारेच बरे, तरुणांना धीर नसतो.

काम असं. भट्टीतून निघालेला कप कोंबडीखालच्या अंड्यासारखा कोमट असतो. तो दिव्यासमोर धरायचा. एका हातात पत्र्याचा तुकडा, त्याला रुपयाएवढं भोक. त्या भोकातून कप जराजरा फिरवत बघायचा. एकदम सगळा कप बघितला तर त्यावरच्या फुलाला डोळा भुलतो आणि चीर निसटते. मग लाकडी दांडीने टिचकी मारायची. चांगला कप गातो, फुटका खोकतो. चीर सापडली की तिच्याभोवती निळ्या खडूने गोल काढायचा.

आणखी एक रीत आहे. सुटी होताना पत्रा खिळ्याला अडकवायचा, एक चांगला कप हातात घ्यायचा, तो उघड्या डोळ्यांनी अख्खा बघायचा आणि त्यातून पाणी पिऊन मगच घरी जायचं. पेट्या भरणाऱ्या काकूंनी मला पहिला कप स्वतः भरून दिला. कपावर जांभळं फूल होतं. पाणी गोड लागलं.

१८ फेब्रुवारी

माझ्या डोळ्यात जादू आहे! मुकादम म्हणतो, असा डोळा त्याने बघितलेला नाही. ज्याची उभ्या जन्मात गबाळ्या म्हणून थट्टा झाली, त्याला आता केसाएवढी चीर हातभरावरून दिसते. शर्टाला पहिल्यांदा खिसा शिवून मिळालेल्या पोराच्या ऐटीत आज मी घरी आलो.

कामाच्या नादात पाणी प्यायचं राहिलं. काल आणि परवाही राहिलं होतं. काकूंनी हटकलं. मी म्हटलं, काकू, छत्तीस वर्षं मुलांना गंडेदोरे सोडा म्हणून शिकवलं, आता मी कपाला नमस्कार घालू? त्या म्हणाल्या, गंडादोरा नाही हो गुरुजी, डोळ्याला घरी परत न्यायचं असतं. वाक्य छान आहे, कवितेत शोभेल. पण मी प्यायलो नाही. प्यायचं नाही म्हणजे नाही.

२ मार्च

लेकीला सुरुवातीला गंमत वाटली. बाबा, तुम्हाला दिसायला लागलं की! आता ती गप्प असते. मी तिला सांगितलं की चादरीची घडी एका कडेला बोटभर जास्त आहे, जावयांच्या बाहीचं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय आणि तिचं हसू डावीकडे जरा कमी उघडतं. हे शेवटचं मी का बोललो?

संध्याकाळी खारू तळ्याची कविता म्हणत होती. दोन ओळींत मी तिला सहा वेळा थांबवलं. सातव्यांदा तिने पुस्तक मिटलं आणि मला म्हणाली, तुम्हीच म्हणा. मी म्हणायला गेलो. तळं दिसलं नाही. फक्त दुसऱ्या ओळीत एक मात्रा लंगडते, ते दिसलं. छत्तीस वर्षांत ते कधी कळलं नव्हतं.

खरं लिहायचं तर मला वाईटही वाटलं नाही. चूक सापडल्याचं समाधान वाटलं. ते समाधान नोंदवून ठेवतो, कारण ते माझं वाटत नाही.

९ मार्च

सकाळी पाण्याच्या तांबड्या सुरईवर बारीक रेघ दिसली. लेकीने बोट फिरवून बघितलं, तिला काही लागेना. दुपारी सुरई कुणी हात न लावता दुभंगली.

काल आरसा तसाच गेला. त्याच्या आधी खिडकीची काच.

पत्रा कारखान्यात खिळ्यावर आहे. तरी मला सगळं त्या भोकातूनच दिसतं. समोर माणूस उभा असतो आणि मला त्याचं रुपयाएवढं काहीतरी दिसतं.

१४ मार्च

जावई दारात बसून मोजे घालत होते. नडगीवर रेघ. केसाएवढी. मी नजर हटवायला हवी होती. हटवली नाही, शेवटपर्यंत माग काढत गेलो, जशी सवय लागली आहे तशी.

दुपारी सपाट रस्त्यावर चालताना पडले. डॉक्टर म्हणाले हाडाला चीर आहे, केसाएवढी. त्यांनी हाच शब्द वापरला.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही सकाळी त्यांच्या पायाकडे असे का बघत होतात?

मी वर खोलीत निघून आलो.

१५ मार्च

खारूच्या कानामागून निघून गालाकडे—

नाही. सावली असेल. केस असेल तिचाच.

मी तिला म्हटलं, जा, बाहेर खेळ जा. ती म्हणाली, तुम्ही आता माझ्याकडे बघतच नाही, नुसतं तपासता.

१६ मार्च

केस नव्हता. आज रेघ गालाच्या मधोमध आहे. इतर वस्तू एका दिवसात फुटल्या. ही हळू चाललीय, कदाचित मी तिच्याकडे चोरून बघतो म्हणून. पण बघितल्याशिवाय राहवत नाही. डोळा जिभेसारखा हलत्या दाताकडे जातो.

कारखान्यात काकूंचे पाय धरले. म्हटलं, आता पितो, सगळे राहिलेले कप पितो. काकू रडल्या. म्हणाल्या, डोळा एवढा लांब गेल्यावर पाण्याने येत नाही गुरुजी. आधीच्या तपासनीसांना विचारा. ते पितच नव्हते, तुमच्यासारखेच हुशार.

कारखान्यामागे त्यांची खोली. दुपारच्या उन्हातही दार लावलेलं. आत एक वाळका म्हातारा, डोळ्यांना फडकं बांधलेलं. माझा आवाज ऐकून हसला. म्हणाला, या, नवे का? कुणावर दिसली?

मी सांगितलं.

तो म्हणाला, डोळे बांधून काही होत नाही, मी बांधून बघितलेत. बायकोचा चेहरा आत दिसायचा, चिरेसकट. आतल्या आत बघत राहिलो. गेली.

मग उपाय?

त्याने फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, एकदा मी चिरेकडे न बघता तिला अख्खी बघितली होती. नाक, कपाळ, चिडकेपणा, सगळं एकदम. चीर तिच्यावरून निघाली. पण तिला कुठेतरी जावंच लागतं ना? ती बघणाऱ्याकडे येते. माझ्या अंगठ्यावर आली. मी घाबरलो आणि डोळे मिटून घेतले; उरलेली चीर तिच्यावरच राहिली.

त्याने अंगठा दाखवला. नखापासून मनगटापर्यंत चीर होती. रक्त नाही. आत पांढरं, कोरडं, भाजलेल्या मातीसारखं.

घाबरलो, एवढंच तो पुन्हा म्हणाला.

१७ मार्च

रेघ ओठाला टेकली आहे. खारूला गाल दुखतो. डॉक्टरला काही दिसत नाही.

दिवसभर खोलीत कडी लावून बसलो. डोळे मिटले. तिचा चेहरा आलाच, आणि रेघ—

लेक दारावर थाप मारत होती. रुसलात का बाबा? मी काही बोलले का? दार उघडा ना.

माझं पोर ते. माझ्यावर रागवायचा हक्क असून माफी मागत होती.

बस्स झालं. बाहेर येतो.

१८ मार्च, सकाळी

ऐक रे पत्र्या. भोका. जो कोण असशील तो. तू माझ्याकडे आलास तेव्हा मी सोंगं करणारा, चपला बदलणारा, तळं बघणारा माणूस होतो. तू मला चिरा शोधणारा केलंस. मी केलं, कबूल, मीच रोज हात दिला. पण डोळे माझे आहेत. काय बघायचं ते मी ठरवणार. माझ्या हाडांचा चुरा झाला तरी.

खारूला समोर बसवलंय. खिडकीतून ऊन आलंय. तिला म्हटलं, हलू नकोस, आजोबा तुझं वर्णन लिहिणार आहेत. ती म्हणाली, छान छानच लिहा हं. म्हटलं, जे आहे ते लिहीन.

नजर ओढली जातेय. ओठाकडे. नाही जाणार.

ती सहा वर्षांची आहे. पुढचा दात पडलाय, तिथून ती जीभ बाहेर काढून मला चिडवतेय. एका वेणीची रिबीन सुटलीय, सुटू दे. गुडघ्यावर शाई. पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून ते हवेत चालतायत. लवकर लिहा म्हणते, भूक लागलीय. आईसारखी भुवई उडवते. भुवई माझ्या आईचीही अशीच होती—

करंगळीत टिक्क वाजलं.

वाजू दे.

ती हसतेय. सगळी हसतेय. खांदे, पोट, पाय. हे भोकातून दिसत नाही, कधीच दिसलं नसतं.

तळहात. मनगट. दुखत नाही, नुसतं गार. पेन धरवत नाही.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं येतंय. येऊ दे, कुणाला तपासायचंय!

गाल दुखतो का विचारलं. नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. नाही म्हटलं ना आजोबा, किती वेळा तेच!

कोपर. खांदा. मानेत काहीतरी सरकतंय वर वर. डोळ्यापर्यंत यायचंय चिरेला. ये. तोवर मी बघणार. मिटणार नाही. तो घाबरला, मी नाही—

ती उठून जवळ येतेय. उन्हातून. अख्खीच्या अख्खी. गालावर काही नाही, नुसता गाल आहे, आणि ती हात पुढे करून म्हणतेय की आजोबा, तुमच्या डोळ्याशी ही रेघ