बाबांचा राखाडी कोट

ता. ९, गुरुवार

प्रिय दादा,

पत्र मिळालं. तू खुशाल आहेस, वहिनीचा खोकला थांबला, हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्हीही ठीक. लॉन्ड्री पुन्हा दिवसभर उघडी असते. बाबांना उंच स्टूल करून दिलंय, त्यावर बसून इस्त्री करतात. परवा एक गिऱ्हाईक त्यांच्या पायाकडे बघून जरा जास्तच हळहळलं, तर म्हणाले, "अहो, फायदाच झाला. आता माझ्या पँटची एकच बाजू इस्त्री करावी लागते." गिऱ्हाईक हसलं नाही. आई आत निघून गेली.

तुझं उरलेलं पत्र मात्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. बाबा घाबरट, मी बावळट, तू येणार आणि नवा वकील करणार! डोक्यात राख घालून घ्यायला तुला कधीही सवड असते बघ. दावा मागे का घेतला हे फोनवर सांगता येत नव्हतं, कारण फोन दुकानात आणि दुकानात आई. म्हणून हे पत्र. वाच आणि फाडून टाक.

बाबा झेब्रा क्रॉसिंगवरून, सिग्नल बघूनच चालले होते. ते कुणी नाकारत नाही. व्हॅन मागून वळली, त्यांना उडवलं आणि थांबलीसुद्धा नाही. कॅमेऱ्यात हिरव्या व्हॅनची पाठ दिसते, नंबर दिसत नाही. पोलिसांनी तशी एक व्हॅन शोधली, नवाकोरा बंपर बसवलेली. मालक म्हणतो, गाडी त्या दिवशी बाहेरच पडली नव्हती. वकीलबाईंनी आम्हाला समजावलं होतं, की गाडी तीच हे सिद्ध झालं तर मालकाकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून पूर्ण भरपाई मागता येईल, पायाची, बुडालेल्या कामाची, पुढच्या सगळ्या औषधपाण्याची. नाही झालं, तर पळून गेलेल्या गाडीसाठी सरकार ठरलेली मदत देतं, ती घेऊन गप्प बसायचं.

"त्या दिवशी अंगावर असलेले कपडे आणा," बाई म्हणाल्या. "गाडीचा रंग कापडाला लागतो. तो त्या व्हॅनशी जुळला की मालकाची बोलती बंद."

पोलिसांनी कपडे मागितलेच नव्हते. पण हॉस्पिटलने पिशवी दिली तेव्हा कोटाच्या पाठीवरचा हिरवा पट्टा मी स्वतः पाहिला होता. मी धावतच घरी आले.

"कोट ना? आहे की," आई म्हणाली आणि तिने कपाटातून हँगरसकट काढून समोर धरला. स्वच्छ, कडक इस्त्रीचा. "रक्त गार पाण्याने गेलं. पाठीवर कसलासा रंग होता, त्याने मात्र दमवलं. स्पिरिट लावून, ब्रशने हळूहळू काढला. आता शोधून दाखव!"

दादा, डॉक्टर 'पाय गेला, पण जीव वाचला' म्हणाले, त्याच दिवशी तिने तो धुतला होता. वाचले म्हणजे घरी येणार, घरी आले की कोट लागणार. तिला दुसरं काय सुचणार? जन्म गेला तिचा लोकांचे डाग काढण्यात.

बाबांना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी आधी मला दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, "केस चालली तर हिला बोलावतील?"

मी म्हटलं, हो. समोरचा वकील विचारणारच, कोट कुणी धुतला, कुणाच्या सांगण्यावरून धुतला.

"मग संपलं. पाय माझा गेलाय. तिला पिंजऱ्यात उभं करून हे कुणी तिच्या तोंडावर सांगायचं नाही. आणि तुझ्या तोंडून ब्र निघाला तर याद राख."

वकीलबाईंना सांगितलं, कोट हरवला. आईला सांगितलं, कोर्टाच्या फेऱ्या झेपत नाहीत.

मला राग येत नाही असं समजू नकोस. ती व्हॅन आजही कुठेतरी माल पोचवत फिरत असेल. त्या मालकाचा गळा धरावासा वाटतो. कधीकधी आईचासुद्धा. मग ती बाबांच्या पँटचा रिकामा पाय दुमडून टाके घालताना दिसते आणि माझी मलाच लाज वाटते.

आता जे लिहिते आहे ते बाबांनाही सांगितलेलं नाही. हल्ली आई कपडा पाण्यात घालायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारते, "नक्की धुवायचा ना?" लोक हसतात. "मग लॉन्ड्रीत कशाला आणलाय, काकू?" ती हसत नाही. समोरचा हो म्हणेपर्यंत कपडा हातात धरून उभी राहते. आणि तो कोट पूर्वी येईल त्याला कौतुकाने दाखवायची, तेही आता बंद झालंय.

तिला कळलंय का, मला माहीत नाही. विचारायची माझी छाती होत नाही.

तू ये. भांडायचं तर मला गच्चीवर नेऊन भांड. आईने कोट दाखवला तर हातात घे, उजेडाला धर, नीट बघ आणि म्हण, "आई, काही दिसत नाही गं."

नाही दाखवला, तर तू मागू नकोस.

तुझीच,
ठकी