स्पेनच्या वाळवंटात हुकलेला सिनेमा

वॉटफर्ड, सोमवार, १२ जून २००६

काल लेकाबरोबर आणि नातीबरोबर स्पेनहून परत आले. इथं उतरल्याबरोबर पाऊस, आणि गुडघे लागले ठणकायला. तिकडे त्या वाळवंटात आठवडाभर ढगाचा ठिपका नाही! बोडके डोंगर, निवडुंग, दगडावर हा एवढा सरडा, रानससेसुद्धा. माणदेशातल्या माहेरी आल्यासारखं वाटलं बाई. ऊन हटत नाही म्हणून सिनेमावाले तिथंच येतात म्हणे. घोडे काय, लाकडी गाव काय!

तिथल्या एका सिनेमावाल्यानं मला बघून काहीतरी विचारलं. नात इरा म्हणाली, "आजी, त्याला एक ओल्ड विडो पाहिजे, खुर्चीत बसून रडायला. ब्लॅक ड्रेस घालायचा आणि कुंकू पुसायचं, बस्स."

"अगं, तुझे आजोबा धडधाकट आहेत घरी!" म्हटलं आणि आले निघून. दुसरीच बाई बसली त्या खुर्चीत.

आज ह्यांना सांगितलं तर हसतच सुटले. "पुसायचंस की! मी काय तेवढ्यानं मरणार होतो?"

आता सांगतात! सारखी ती खुर्ची दिसतेय. ती बाई नुसती रुमाल धरून बसली होती. मी खरं रडले असते.