वॉल्टर इवानोविच आमच्या फळ्यावर

मालाया सोस्नोव्का, जून १९५८

तीर्थरूप वेन्यादादास,

धाकट्या फ्रोस्याचा वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला, वहिनीच्या दम्याला आणि लेनिनग्राडच्या त्या दमट हवेला आमच्याकडून वेगवेगळा नमस्कार सांग (गुडघ्याला जरा जास्त). इकडे सगळं क्षेम. सासूबाई घराला ऊब देणाऱ्या भट्टीच्या माथ्यावरच्या आपल्या बिछान्यात खुशाल, गाई खुशाल, आणि अमेरिकाही खुशालच असणार, कारण वसंतापासून ती आमच्याच गोठ्यात मुक्कामाला आहे. घाबरू नकोस, सांगते.

अमेरिकेला दुधात गाठायचं आणि मागे टाकायचं, असा वरून आदेश आहे, हे तुला ठाऊकच आहे. आता शर्यत म्हटली की प्रत्येक गोठ्याला एक प्रतिस्पर्धी हवा, आणि त्याचं नाव दारावरच्या फळ्यावर आपल्या नावाशेजारी हवं. आसपासचे गोठे एकमेकांशी केव्हाच जुंपले होते. नाचात सगळ्यांच्या जोड्या लागाव्यात आणि एकच पोर भिंतीला टेकून उरावी, तसे आम्ही उरलो. तेव्हा आमच्या सामूहिक शेतावरचे पक्षाचे सेक्रेटरी पोर्फिरी कुझ्मिच (पावशेर पोटात गेली की ते फार मोठे होतात) सभेत उठून म्हणाले, "शेजाऱ्यापाजाऱ्यांशी काय झुंजायचं? आमचा गोठा थेट अमेरिकेशी लढेल!" टाळ्या झाल्या. सकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांना आठवलं की फळ्यावर अख्खा देश लिहून चालत नाही. माणसाचं नाव लागतं, तेही बापाच्या नावासकट. कुठल्याशा मासिकात एका हॅटवाल्या अमेरिकन शेतकऱ्याचं चित्र होतं आणि खाली नुसतंच वॉल्टर. बाप कुठून आणायचा? शेवटी पोर्फिरी कुझ्मिचनीच आपल्या हाताने लिहिलं, वॉल्टर इवानोविच. तेव्हापासून तो आमच्यातलाच झाला.

रोज दूध काढून झालं की आम्ही आमचा आकडा लिहायचो, आणि त्याची जागा कोरी. दोन दिवस ठीक वाटलं. तिसऱ्या दिवशी क्लावा (माझ्या शेजारी दूध काढते ती, हसली की सगळा गोठा हसतो) म्हणाली, "अगं, शोभतं का हे? पाहुणा आलाय आणि त्याचं ताट रिकामं!" म्हणून आम्ही त्याला थोडं वाढलं. थोडंच वाढलं तर आपण चिक्कू दिसू, म्हणून आणखी थोडं वाढलं. मग इकडे पावसाने कुरण नासलं, आमच्या गाई आटल्या, पण त्याच्याकडे पाऊस झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग त्याला कसं कमी करणार? असा तो पुढे गेला, दादा. कुणाच्याच मनात काही काळंबेरं नव्हतं.

खरं सांगू? मला तो आवडायला लागला. हल्ली जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, अंधार पडायच्या आत उजाडतं. पहाटे कुरणावर धुकं इतकं दाट असतं की गाईंचे पाय दिसत नाहीत, नुसत्या पाठी तरंगत येतात. बादलीत धार वाजत असते, माझे डोळे अर्धे मिटलेले असतात, आणि धुक्याच्या पलीकडच्या काठाला वॉल्टर इवानोविच आपल्या गाईपाशी बसलेला असतो. त्याचंही माणूस गेलेलं आहे (हे क्लावाने ठरवलं). त्याच्या अंगणात सफरचंदाची झाडं आहेत (ती मी लावली). उठून चालायला लागला की डावा खांदा जरासा पाडून चालतो, थेट माझ्या तिखोनसारखा. तिखोन लढाईवर गेला त्याला इतकी वर्षं झाली. ना पत्र, ना मेल्याची खबर. सासूबाई अजून फाटक वाजलं की मान वर करतात, आणि मीही करते. नुसती वाट न पाहता कुणाचा तरी विचार करता येतो, हे मी विसरूनच गेले होते.

ही माझी तंद्री एका माणसाला खुपली. सावेली, आपला भट्ट्या बांधणारा, ज्याचं अख्खं घर माणसांसकट लढाईत जळालं तो. यंदा त्याने माझी भट्टी तीनदा दुरुस्त केली (ती एकदाच बिघडली होती). फाटक रंगवलं. एकदा मान खाली घालून विचारतो, "तुमच्या त्या अमेरिकनाला दात आहेत का सगळे?" मी म्हटलं, "असतील, मोजले नाहीत." तर तालुक्याला जाऊन स्वतःला दोन नवे बसवून आला! गेल्या आठवड्यात त्याने सरळच विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. मी बादली उचलून गोठ्यात गेले. हो म्हणायचं म्हणजे तिखोन येणार नाही असं मीच म्हणायचं, आणि तेही त्याच्या आईच्या छपराखाली उभं राहून. माझी जीभ उचलत नाही, दादा.

तेवढ्यात जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. फळा पाहिला आणि पांढरेफटक पडले. "अमेरिका पुढे? आपल्याच गोठ्यात?" पोर्फिरी कुझ्मिच भिंतीत शिरायला जागा शोधू लागले. क्लावा प्रथमच हसली नाही. मला वाटलं, आता सगळ्यांची वरात जिल्ह्याला. सावेली कोपऱ्यात पाणी तापवायची भट्टी लिंपत होता. तो मातीच्या हातांनीच उठला, साहेबांकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहत म्हणाला, "असेल तो पुढे. पण तो इथे नाही. इथे मी आहे."

साहेबांनी खिशातून वही काढली. मग म्हणाले, "वा, कॉम्रेड! किती खोल विचार!" आणि तिथल्या तिथे टिपून घेतला. आता क्लबच्या दारावर लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत लावलंय, "अमेरिका पुढे असेल, पण ती इथे नाही." लोक त्याखालून जाताना माझ्याकडे बघून खोकतात.

असो. बाकी विशेष काही नाही. वहिनीला गरम मोजे घालायला सांग.

तुझी,
फ्रोस्या

ता. क. लेनिनग्राडात पुरुषाचा चांगला पांढरा सदरा मिळाला तर पाठव. खांदे रुंद, गळा मोठा. कुणासाठी ते विचारू नकोस, आणि सासूबाईंना कळेल असं पत्रात काही लिहू नकोस. त्यांना मी सांगेन. कधी, ते माहीत नाही.

ता. क. दुसरा. मला लिहिताना मोठ्याने वाचायची खोड आहे, तुला माहीतच आहे. भट्टीवरून आत्ता आवाज आला. सासूबाई सांगतात तसंच लिहिते आहे: "वेन्या, सदरा पाठवू नकोस. माझ्या तिखोनचा पेटीत आहे, दर उन्हाळ्यात मी त्याला ऊन दाखवते. सावेलीला तो नीट बसेल, मी वरून रोज त्याचे खांदे बघते आहे. तू ये मात्र. लग्नात हिच्या बाजूने बसायला तू आहेस. त्या पोराला आई नाही, तेव्हा मी त्याच्या बाजूने बसणार."